एकतीस नंबरचं डोकं

तिला खऱ्या नावाने हाक मारणारं त्या इमारतीत कोणीच नव्हतं. मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं हलूनकोताई. काचेच्या अलीकडे बसून ती माइकवर दर दोन मिनिटांनी म्हणायची, “हलू नकोस. हलू नकोस हं, बाळा. अगं, हलू नकोस म्हटलं ना!” यातलं शेवटचं वाक्य माइक बंद करून म्हणायचं असतं, ते ती चालू ठेवून म्हणे. मोठे डॉक्टरसुद्धा पाठीमागे तिला हलूनकोताईच म्हणत आणि समोर नुसतं ताई. तिला दोन्ही माहीत होतं.

इस्पितळाच्या तळघरात ती एमआरआयचं मशीन चालवायची. विसाव्या वर्षी एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्यापासून सुरुवात केली. त्यानंतर जे जे नवं मशीन आलं ते शिकत गेली आणि आता निवृत्तीला अकरा महिने उरले होते. अंगाने आडवी, चालण्यात घाई, केस इतके बारीक कापलेले की त्यात पिन लावायची सोयच राहू नये. पिन हा तिचा जन्माचा शत्रू. तिचं मशीन म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक आणि ते बंद कधीच नसतं. दार उघडून कोणी किल्ली घेऊन आत शिरलं तर किल्ली हातातून सुटून गोळीसारखी नळीत जाते, मग वाटेत कोणाचा डोळा असो की कपाळ. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारावं लागतं, अंगावर धातूचं काही आहे का? आणि प्रत्येक जण नाही म्हणतो.

“माणूस खोटं बोलतोच असं धरून चालायचं,” ती मला पहिल्याच भेटीत म्हणाली होती. “मुद्दाम नाही बोलत. त्याला स्वतःलाच माहीत नसतं.”

तिची एक पद्धत होती. आधी विचारायचं, “काही आहे का अंगावर?” उत्तर येतं, नाही. मग, “काय काय काढून ठेवलंत?” लोक यादी सांगतात. आणि मग, माणूस निश्चिंत होऊन दाराकडे वळला की मागून सहज, “आणि ते राहिलेलं?” या तिसऱ्या प्रश्नाला निम्मी माणसं खिशाला हात लावतात. एका गृहस्थांनी मोज्यात हात घातला. तिथे कपाटाची किल्ली निघाली, घरात कोणाला सापडू नये म्हणून ठेवलेली.

घरीही तेच. नवरा निवृत्त बसचालक, साखर वाढलेली. तो फिरून आला की हिचं सुरू. “कुठे गेला होतात? काय काय आणलंत? आणि ते राहिलेलं?” की तो मुकाट्याने शर्टाच्या खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढून टेबलावर ठेवी. तिची सासू जिवंत असेपर्यंत सांगायची, “ही लग्न होऊन घरात आली तेव्हा माझ्या पाया पडली, पण वर बघताना नजर माझ्या कमरेच्या किल्ल्यांवर.”

तर अशा बाईवर एक दिवस खोटेपणाचा संशय आला. तिने ते कसं घेतलं हे सांगायचं आहे, पण त्याआधी काम काय चाललं होतं ते सांगायला हवं.

इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरबाईंनी ऐंशी मुलांचा अभ्यास हाती घेतला होता. दहा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात. दरवर्षी प्रत्येकाने एकदा यायचं, नळीत झोपायचं, मेंदूची चित्रं काढून घ्यायची. अशी सहा वर्षं. मुलगा किंवा मुलगी वाढते तसा मेंदू कसा बदलतो हे त्यांना बघायचं होतं. भीती आणि राग तर तान्ह्या बाळालाही कळतात. लाज, अपराधीपणा, हेवा, कृतज्ञता या गुंतागुंतीच्या भावना कधी आणि कशा उमलतात, त्या वेळी मेंदूचा कुठला भाग काम करतो, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी नळीत झोपलेल्या मुलाला आरशातून छोट्या छोट्या गोष्टी दाखवायच्या. ‘तुझ्या मैत्रिणीला बक्षीस मिळालं आणि तुला नाही.’ ‘तू केलेल्या चुकीबद्दल दुसऱ्याला शिक्षा झाली.’ मग विचारायचं, किती वाईट वाटलं? हातात चार बटणं. तेवढ्यात मशीन बघतं की मेंदूत रक्त कुठे जास्त धावलं.

अशा कामाला समितीची परवानगी लागते. समितीत डॉक्टर असतात, एक वकील असतो आणि नियमाप्रमाणे एक ‘सामान्य व्यक्ती’ असावी लागते. ती सामान्य व्यक्ती मी. आम्ही समितीवाल्यांनी मुलांच्या खाजगीपणासाठी कडक नियम घातले होते आणि त्याचा आम्हाला मोठा अभिमान होता. पहिल्या वर्षी नाव-पत्ता एका वहीत लिहायचा, वही कुलपात. त्यानंतर मुलाला एक कार्ड, कार्डावर नुसता नंबर. मशीनवाल्या बाईला नाव कळता कामा नये. फोटो नाही. चित्रांमध्ये नाकाडोळ्यांचा आकार उमटतो, तोसुद्धा कॉम्प्युटरवर पुसून टाकायचा. म्हणजे हातात उरतो तो नुसता मेंदू, बिनचेहऱ्याचा.

चौथ्या वर्षाची चित्रं काढून दोनएक महिने झाले असतील. आकडेवारी बघणारा एक तरुण होता, चष्मेवाला, अतिशय सभ्य, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा. त्याच्या लक्षात आलं की एकतीस नंबरच्या मुलीचा मेंदू एका वर्षात लहान वयाचा झाला आहे. या वयात मेंदूचा वरचा थर हळूहळू पातळ होत जातो. ते वाढीचंच लक्षण आहे, घाबरायचं कारण नाही. हिचा थर मात्र मागल्या वर्षीपेक्षा जाड निघाला. त्याने दोन्ही वर्षांची चित्रं एकमेकांवर ठेवून पाहिली. मेंदूवरच्या घड्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात आणि वर्षभरात त्यांची ठेवण बदलत नाही. इथे एकही घडी जुळेना.

त्याने हलूनकोताईला बोलावलं. तिने पडद्याकडे पाहिलं आणि कॉम्प्युटरला जे करायला अर्धा तास लागला होता ते एका वाक्यात सांगितलं.

“हे डोकं ते नव्हे.”

“म्हणजे फाइली बदलल्या?”

“मी? बघ की तूच. सगळ्या ऐंशी बघ.”

त्याने बघितल्या. बाकीच्या एकोणऐंशी मुलांची चित्रं आपापल्या जागी बरोबर होती. एकतीस नंबरच्या नावावर आलेलं हे डोकं अभ्यासात कुठेच नव्हतं. कोणीतरी बाहेरची मुलगी त्या दिवशी नळीत झोपून गेली होती.

इथून पुढे सगळ्यांचीच नजर बदलली. फाइली बदलणं ही चूक. पण बाहेरचं मूल घालणं ही चूक कशी असेल? डॉक्टरबाईंनी त्या दिवसाची नोंद काढली. संध्याकाळची शेवटची वेळ, आकडेवाला रजेवर, खाली एकटी हलूनकोताई. आणि मुलीचं वजन. प्रत्येक वेळी वजन लिहावंच लागतं, त्याशिवाय मशीन पुढे जात नाही. मागल्या वर्षी अडतीस किलो, यंदा चौतीस. दोन्ही आकडे तिनेच टाकलेले.

डॉक्टरबाई हुशार बाई. पण हुशार माणसाने एकदा संशय घ्यायचं ठरवलं की तो फार नीटनेटका घेतो. त्यांनी हलूनकोताईला आपल्या खोलीत बोलावलं. समितीच्या वतीने मी बसले होते.

“ताई, एकतीस नंबर त्या दिवशी आलीच नसेल, असं होऊ शकतं का?” त्या गोड आवाजात म्हणाल्या. “वेळ रिकामी गेली असती. आधीच सात मुलं गळाली होती, त्यांच्या जागा मुश्किलीने भरल्या. तुम्हाला वाटलं असेल, अभ्यास बिघडू नये...”

“मग?”

“तुमची नात अकरा वर्षांची आहे ना?”

मी हलूनकोताईकडे पाहिलं. ती हललीच नाही.

“आहे,” ती म्हणाली. “आणि गेल्या उन्हाळ्यात मी तिला इथे आणली होती, हेही तुम्हाला आठवत असेल. सरावाच्या खोट्या नळीत तिला झोपवून बघितली. ती ओरडत बाहेर आली आणि पळत इथे येऊन त्या खुर्चीखाली बसली. ह्या, तुम्ही बसलात त्याच.”

डॉक्टरबाई जरा सावरून बसल्या. “मग सोपं आहे. तिचं एक चित्र काढू. पाच मिनिटांचं काम. घड्या जुळल्या नाहीत की विषय संपला.”

“नाही.”

“तुमच्याच भल्यासाठी म्हणतेय.”

“म्हणूनच नाही. मोठ्या माणसाचं नाव धुवायला पोर नळीत घालायची? तिला भीती वाटते, मी बघितलंय. मी माझ्या हाताने तिचं डोकं नळीतल्या त्या पिंजऱ्यात अडकवू आणि माइकवर काय सांगू? हलू नकोस, आजीवर आळ आलाय?”

तिच्या बाजूने हे बरोबरच होतं. पण खोलीतून बाहेर पडताना मलाही वाटून गेलं, खरं सांगते, की ही बाई एवढं का ताणते आहे? पाच मिनिटांचं काम. मुलगी फार तर रडेल. नाही म्हणणारा काहीतरी लपवतो, हे तर तिनेच मला शिकवलं होतं.

आठवड्याभरात गोष्ट सगळीकडे पसरली. खालच्या मजल्यावरच्या नर्सा तिच्याशी जास्तच आदराने बोलू लागल्या. डॉक्टरबाईंनी पत्र तयार केलं: तंत्रज्ञाच्या कामाबद्दल शंका असल्यामुळे चारही वर्षांची सर्व चित्रं बाजूला ठेवावीत. ऐंशी मुलांची चार वर्षं. एका डोक्यासाठी.

“मला घरी पाठवा,” हलूनकोताई मला म्हणाली. आम्ही जिन्याखाली उभ्या होतो. “अकरा महिने आधी गेले तर काय होतंय? पण ती चित्रं टाकू नका म्हणावं. एकेका पोराला तासतास गप्प झोपवलंय मी. कोणाला खोकला होता, कोणाला शू लागली होती. एक तर उचकी लागलेली, तिची उचकी थांबेपर्यंत दोघी गाणी म्हणत बसलो. आणि हे म्हणणार खोटं? मी खोटं लिहिलं म्हणून सगळंच खोटं?”

“पण वजन?” मी विचारलं. “चार किलो कमी झालं, तुझ्या डोळ्यांसमोर होतं. तू कोणालाही सोडत नाहीस.”

 ती म्हणाली, “दिसलं होतं. मला वाटलं, पोर वाळली. विचारलंसुद्धा, जेवत नाहीस का गं? ती म्हणाली, जेवते. कसल्या चेहऱ्याने म्हणाली काय सांगू. मी तिला दोन पांघरुणं घातली आणि पुढे गेले.” मग स्वतःवरच चिडून, “संशय घ्यायचा तिथे कीव केली. झालं.”

हे ऐकलं आणि माझा संशय गेला. रचून सांगणारी बाई स्वतःच्या विरुद्ध एवढं नेमकं रचत नाही.

मी समितीची बैठक लावली. कुलपातली वही उघडायची तर समितीचा ठराव लागतो. वकीलसाहेब तासभर खाजगीपणावर बोलले. मी म्हटलं, “साहेब, आपल्या खाजगीपणामुळेच ही वेळ आली. आपण त्या बाईला नाव कळू दिलं नाही, चेहरा ठेवू दिला नाही. मूल वर्षातून एकदा येणार, त्या वयात वर्षभरात आईलाही ओळखू येत नाही एवढं बदलणार. कार्ड दाखवील तो एकतीस नंबर. उद्या मी कार्ड घेऊन गेले असते तर मलाही नळीत घातलं असतं.” वकीलसाहेब म्हणाले, “तुमचं वजन जमलं नसतं.” सगळे हसले आणि ठराव पास झाला.

एकतीस नंबरची आई इस्त्रीचं दुकान चालवायची. चार दिवसांनी ती मुलीला घेऊन आली. बाई काटक, उजव्या मनगटावर जुने भाजल्याचे डाग, बोलण्याआधी समोरच्याला आपादमस्तक बघून घेणारी. बसलीच नाही. मुलगी उंच, तेरा वर्षांची, हाताची नखं कुरतडलेली. सरावाच्या खोलीत आम्ही पाच जणी होतो, त्या दोघी, डॉक्टरबाई, हलूनकोताई आणि मी.

“काय सापडलं हिच्या डोक्यात?” आईचा पहिला प्रश्न.

“काही नाही हो,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “फक्त विचारायचं होतं की यंदा चित्र काढायला हीच आली होती ना?”

“हीच. दुसरी कोण येणार?”

“नक्की?”

“माझी मुलगी मला ओळखू येत नाही का? तुम्हीच नंबर घातलेत पोरांना, तुमचे तुम्ही जुळवा.” मग आवाज चढवून, “काहीतरी सापडलंय. नाहीतर घरी फोन करून कोण बोलावतं? चार वर्षं कोणी विचारलं नाही. माझा भाऊ असाच गेला. झटके यायचे. तेव्हाही डॉक्टर म्हणाले होते, काही नाही हो.”

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ उघड होता. आई सांगते हीच आली, मग खोटं कोण बोलतं?

हलूनकोताई भिंतीशी उभी होती. तिला बोलायला मनाई होती. तरी ती मुलीला म्हणाली, “इकडे ये गं. चपला काढ. काट्यावर उभी राहा.”

काटा त्रेचाळीसवर थांबला.

“दोन महिन्यांपूर्वी चौतीस होतं,” हलूनकोताई म्हणाली.

“वाढत्या अंगाची आहे,” आई म्हणाली.

मला हसू आलं, पण कोणीच हसलं नाही.

“ताई, हे पुरावा नाही,” डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. “यावरून एवढंच कळतं की त्या दिवशी ही नव्हती. ते आपल्याला आधीच माहीत आहे. प्रश्न कोण होतं हा आहे.” आणि मग, मुलीच्या आईला समजावं म्हणून, “कसं आहे, त्या दिवशी या एकट्याच होत्या. आपल्याच ओळखीतली कोणी मुलगी यांनी झोपवली असावी, असा इथे समज झालाय. तुमची मुलगी आली होती म्हणता, तर मग हे यांच्यावरच जातं. यांना काम सोडावं लागेल.”

 आईने पदराने कपाळ पुसलं आणि दाराकडे पाहिलं. काट्यावरून मुलगी उतरली नव्हती. तिथूनच तिने हलूनकोताईला विचारलं, “तुम्हाला काढणार?”

“ते तुझं काम नाही. चपला घाल.”

“पण तुम्ही कुठे काय केलंत?”

“घाल म्हटलं ना.”

मुलगी उतरली. एक चप्पल घातली, दुसरी हातातच. “मी नव्हते आले,” ती म्हणाली. “धाकटीला पाठवलं.”

“गप गं!” आई म्हणाली.

“आई, मी जात नाही म्हटल्यावर तूच म्हणालीस, नको म्हटलं तर ते म्हणतील काहीतरी लपवताय. म्हणून तिला पाठवलं. तिने कार्ड दाखवलं आणि कोणी काही विचारलंच नाही.”

“विचारलं होतं,” हलूनकोताई म्हणाली. “जेवत नाहीस का, म्हणून.”

डॉक्टरबाई पुढे झाल्या. आता त्यांच्या आवाजातला गोडवा गेला होता आणि नुसतं कुतूहल राहिलं होतं. “पण तू का आली नाहीस? तीन वर्षं तर छान यायचीस.”

मुलीने आईकडे पाहिलं नाही. खाली बघत सांगायला लागली, तुटक तुटक. दोन वर्षांपूर्वी दुकानात एका गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट जळाला होता. इस्त्री शर्टावर हिनेच ठेवली आणि रस्त्यावर काहीतरी बघायला गेली. आई आली तेव्हा टेबलापाशी धाकटी उभी होती. धाकटीला मार बसला, चांगलाच. धाकटी बोलली नाही. हीही बोलली नाही. पुढे तिसऱ्या वर्षी नळीत गोष्ट आली, ‘तू केलेल्या चुकीबद्दल दुसऱ्याला शिक्षा झाली.’

“माझं काळीज इतकं धडधडायला लागलं की मशीनपेक्षा मोठं ऐकू येत होतं. मी एक नंबरचं बटण दाबलं. म्हणजे काहीच वाटलं नाही. खोटंच दाबलं. पण मशीनला तर खरं दिसतं ना? बाहेर आले तर तुम्ही,” तिने डॉक्टरबाईंकडे बोट केलं, “आईला म्हणालात, हिची चित्रं फार छान आलीत, सगळं स्वच्छ दिसतंय.”

डॉक्टरबाईंचं तोंड उघडं राहिलं. त्या हे वाक्य प्रत्येक आईला म्हणत. म्हणजे एवढंच की मूल हललं नाही.

“मला वाटलं, तुम्हाला सगळं दिसलंय आणि आता आईला सांगणार. वर्षभर वाट बघितली. परत त्या नळीत गेले असते तर तुम्ही नक्कीच सांगितलं असतं.” मग हलूनकोताईकडे वळून, “दिसलं होतं ना तुम्हाला? काचेतून?”

“मला?” हलूनकोताई म्हणाली. “मला दिसलं की तुझा डावा पाय मधूनमधून हलतो. शर्ट-बिर्ट काही दिसत नाही त्यात. रक्त जरा इकडे धावतं, जरा तिकडे. तेही एकट्या तुझं बघून कोणाला काही कळत नाही. ऐंशी जणांचं एकत्र करून यांना काय ते थोडं कळतं, तेही भांडून भांडून.”

“म्हणजे मी सांगितलं नसतं तर...”

“कोणाला कळलं नसतं.”

मुलगी रडेल असं मला वाटलं. ती रागावली. वर्षभर फुकट भ्यायल्याचा राग असावा. तिची आई एवढा वेळ मनगटावरचा डाग चोळत होती. ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

“धाकटी एक अक्षर बोलली नाही मला,” ती म्हणाली. आम्हाला कोणाला उद्देशून नव्हे. “मारलं तेव्हाही नाही. इथे पाठवली तेव्हाही, बरं म्हणाली आणि गेली.”

धाकटीला आणून एक चित्र काढावं म्हणजे शंभर टक्के खात्री होईल, असं डॉक्टरबाईंनी एकदा सुचवून पाहिलं. हलूनकोताईने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. मी म्हटलं, समिती परवानगी देणार नाही. समितीला मी विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तरी हेच सांगायला लावलं असतं. त्या दिवशी धाकटी आली होती, असं आईने आणि मुलीने लिहून दिलं. दोघी बहिणी अभ्यासातून बाहेर, हे त्यांनीच लिहिलं. आईने सही करण्याआधी कागद उलटून मागचीही बाजू तपासली. मला बाई आवडली.

आता एवढ्यावर संपायला हवं होतं. संपलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी अहवाल लिहून आणला. चित्रं टाकायची नाहीत, फक्त एकतीस नंबर वगळायचा. पुढच्या वर्षीपासून दर मुलामागे ओळख पटवायला दुसरं माणूस आणि दोघांच्या सह्या. “बरोबर आहे,” हलूनकोताई वाचता वाचता म्हणाली. “हे आधीच हवं होतं. मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता.” मग शेवटच्या ओळीशी थांबली. तिथे लिहिलं होतं: तंत्रज्ञाकडून गैरप्रकार झाल्याचे आढळले नाही.

“आढळलं नाही म्हणजे?”

“म्हणजे नाही झाला,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“मग तसं लिहा. आढळलं नाही हे तर मोज्यातल्या किल्लीबद्दलही लिहिता येतं.”

“ताई, आमच्यात असंच लिहितात. शंभर टक्के खात्री कशाचीच देत नाही आम्ही.”

“तुमचं बरोबर असेल. पण माझ्या पोराबाळांच्या हातात हा कागद पडला तर ते काय समजतील? की म्हातारीने केलं, सापडली नाही.” तिने पेन मागितलं. “वजनातला फरक मला दिसला होता आणि मी पुढे चौकशी केली नाही. हे लिहा. ती चूक माझी आहे आणि ती तुम्ही लिहिलीच नाहीत. माझ्यावर उपकार केल्यासारखी गाळलीत. ती घाला. आणि बाहेरचं मूल मी घातलं नाही. ‘आढळलं नाही’ नको. घातलं नाही.”

डॉक्टरबाईंनी वजनाची चूक लिहिली. दुसऱ्या वाक्याशी त्यांचा हात थांबला तो थांबलाच. त्यांच्या पेशाने त्यांना तसं लिहिता येत नाही हे मला पटत होतं. हलूनकोताईलाही पटलं असावं, कारण तिने कागद ओढून घेतला आणि शेवटच्या ओळीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं: मी हे केलेले नाही. खाली सही, तारीख, आणि इतकी वर्षं कोणी न वापरलेलं आपलं पूर्ण नाव. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

मी साक्षीदार म्हणून सही केली. अशी सही अहवालावर चालत नाही, असं वकीलसाहेबांनी मला नंतर पत्राने कळवलं. अहवाल तिच्या आणि माझ्या सहीसकट फाइलला लागलेला आहे.